शाकारणी

चाळीस वर्षं मी लोकांची घरं शाकारली.
पाटीचा दगड: कोरडा असताना करडा,
भिजला की जांभळा, म्हणजे आमच्याकडे बहुतेक जांभळाच.
आता गुडघे शिडीला नाही म्हणतात,
म्हणून मेरेरिदकडे खोकी उचलतो.

तिचं प्रकाशन म्हणजे बंद पडलेल्या चॅपेलमागची खोली.
एक हीटर, तोही कागदासाठी, माणसांसाठी नाही.
वर्षाला सहा पुस्तकं, त्यातली चार कवितांची, सगळी वेल्श.
कोण घेतं, मी एकदा विचारलं.
'ज्याला हवं तो,' म्हणाली,
आणि पुन्हा अनुदानाचा अर्ज भरायला लागली,
चुलीत ओलं लाकूड सारावं तशी.

मंगळवारी एलुनेदचं पुस्तक आलं.
ही पोरगी वृद्धाश्रमात रात्रपाळी करते,
म्हाताऱ्यांची कूस बदलता बदलता लिहिते.
बाप खेकड्यांच्या होडीवर होता. सापडला नाही.
सगळं पुस्तक त्याच्यावर,
पण त्याचं नाव कुठंच नाही. नुसता समुद्र, समुद्र.

मेरेरिदनं खोकं फोडलं, वास घेतला,
पान उलटलं
आणि मटकन खाली बसली. तिथं खुर्ची नव्हती.

आमच्या काही स्वरांवर एक टोपण असतं,
दोन तिरक्या रेघांचं, इवलंसं.
शाळेत बाई त्याला छोटं छप्पर म्हणायच्या.
यंत्रानं 'ओ'वरची सगळी छपरं खाल्ली होती.
छप्पर उडालं की समुद्राचा 'इतका' होतो.
बस, इतका.
आणि गायकवृंदाचा बुटका.

'माझा बाप अजून इतक्यात आहे', पान नऊ.
'रात्री इतका खिडकीशी येतो', पान चौदा.

पुन्हा छापायचं, तर पैसे? मेरेरिद हसलीसुद्धा नाही.
मी हिशोब मांडला, घराचा मांडतो तसा:
पुस्तकं तीनशे, उडालेली छपरं दर पुस्तकात एकोणीस,
पाच हजार सातशे.
शाळेची इमारत याहून जास्त पाट्या खाते.
'पेन दे,' म्हटलं.

तीन रात्री लागल्या.
एलुनेद, कामावर जायच्या आधी दोन तास,
मेरेरिद, तिचा भाचा गेथिन, ज्याला वेल्श वाचताना घाम फुटतो,
आणि मी.
डाव्या हातानं पान दाबायचं, उजव्यानं शाकारायचं.
सुरुवातीची माझी छपरं वाकडी, पागोळ्या भिंतीवरच पडतील अशी.
मग हात बसला.
कविता मी वाचत नव्हतो, फक्त समुद्र शोधत होतो.
पण हजारदा समुद्र शोधला
की भोवतालचं थोडं ओलं बोटांना लागतंच.

गंमत म्हणजे 'छप्पर' हा आमचा शब्दच उघडा.
त्याच्यावर काही नाही.
गेथिनला दाखवलं, तर म्हणाला,
शिंप्याच्या सदऱ्याला बटण असतं का कधी?

शेवटची प्रत.
मी पेन टेकवणार, तेवढ्यात एलुनेदनं मनगट धरलं.
पान नऊ उघडंच होतं.
'इतका,' ती म्हणाली. परत म्हणाली, 'इतका,'
आणि हात पसरले,
लहान पोर पसरतं तसे,
बाबानं आणलेला मासा केवढा होता हे सांगताना.
'ही राहू दे.'

कोटाच्या खिशात ती प्रत कोंबून रात्रपाळीला गेली.
बाहेर पाऊस होताच, तो काही कुठं जात नाही.
दोनशे नव्व्याण्णव समुद्र खोक्यांत, कोरडे.

घरी येताना मी सवयीनं वर बघत आलो.
गेथिनच्या छपरावर, धुराड्याला लागून,
एक पाटी सरकलीय.
सकाळी सांगायला हवं त्याला.